दगडफेक ‘झाली’ की ‘केली’? हिंसेनंतरचं नेत्याचं निवेदन वाचण्याची रीत

मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मराठवाड्यातल्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. गावात मिरवणुकीवरून वाद झाला होता, वस्तीतली घरं फोडली होती, सात जण दवाखान्यात होते. डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात तिथल्या पुढाऱ्याचं निवेदन फॅक्सवर आलं: ‘दोन गटांतील किरकोळ वादातून घडलेला प्रकार दुर्दैवी आहे.’ मी मथळा दिला, ‘मिरवणुकीवरून दोन गटांत हाणामारी’.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कार्यालयात आले. डोक्याला पट्टी होती. हातातला घडी घातलेला अंक त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, “साहेब, आम्ही जेवायला बसलो होतो. मग दुसरा गट कुठला?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘दोन गट’ हे शब्द पुढाऱ्याचे होते, पण छापून त्यांना खरं ठरवलं होतं मी. त्यानंतर निवेदन वाचायची एक रीत मी स्वतःला लावून घेतली आणि पुढे डेस्कवर येणाऱ्या मुलामुलींनाही शिकवली. तीच इथे मांडतो. बातमीदारांना ती लागेलच, पण सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्या नेत्याचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी कुणालाही वापरता येईल. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

पायरी १: निवेदन उपडं ठेवा, आधी स्वतःचं वाक्य लिहा

कोणी, कोणाला, कशाने, कुठे, कधी, किती. एवढंच लिहायचं, विशेषण एकही नको. जे माहीत नाही तिथे रेघ मारून जागा रिकामी सोडायची. माझ्या त्या बातमीचं वाक्य असं झालं असतं: ‘रात्री नऊच्या सुमारास ____ जणांच्या जमावाने ____ वस्तीतल्या घरांवर दगड आणि काठ्यांनी हल्ला केला, सात जण जखमी.’

ती रिकामी जागा फार मोलाची असते. हिंसेनंतरच्या पहिल्या काही तासांत कुणालाच सगळं ठाऊक नसतं, पण नेत्याला बोलावंच लागतं, आणि नेमक्या त्याच जागा तो स्वतःच्या शब्दांनी भरून टाकतो. आपण आधी रेघ मारून ठेवली असेल तर त्याने काय भरलं हे लगेच दिसतं. निवेदन आधी वाचलं तर त्या जागा रिकाम्या होत्या हेच लक्षात येत नाही.

आता निवेदन उलटा आणि आपल्या वाक्यातलं काय गळालं ते पाहा. बहुतेक वेळा सर्वांत आधी कर्ता गळालेला असतो.

पायरी २: क्रियापदाखाली रेघ मारा

शाळेत वाक्यातला कर्ता शोधायला शिकताना तो पुढे कुठे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. निवेदन वाचताना तो सगळ्यांत जास्त कामाला आला.

‘दगडफेक झाली.’ ‘वाहनांचं नुकसान झालं.’ ‘आंदोलनाला हिंसक वळण लागलं.’ ‘मोर्चाला गालबोट लागलं.’ या चारही वाक्यांत माणूस नाही. दगड आपणहून उडाले, वळण रस्त्याला असतं तसं लागलं. ‘गालबोट’ तर जवळून पाहण्यासारखा शब्द आहे. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, ते गालबोट. म्हणजे हा शब्द वापरणारा सांगत असतो की बाळ गोंडस आहे, काळं आहे ते ठिपक्यापुरतंच. एखाद्या मोठ्या, शांत मोर्चाच्या कडेला दोन काचा फुटल्या असतील तर हे वर्णन खरंही असू शकतं. पण त्याच मोर्चात कुणाचं दुकान मालकासकट पेटवलं गेलं असेल, तर त्याला ठिपका म्हणणं म्हणजे आगीची गणती काजळात करणं झालं.

सरकारी बाजूची क्रियापदं वेगळी. ‘पोलिसांना बळाचा वापर करावा लागला.’ ‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार करण्यात आला.’ या ‘करावा लागला’त नाइलाज आधीच सिद्ध झालेला असतो, चौकशी व्हायच्या आधी. आणि ‘सौम्य’ हे विशेषण आजवर लाठी खाल्लेल्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. सुरुवातीला पोलिसांवर दगडफेक झाल्यामुळे बळ वापरावं लागलं, अशी मांडणी होती. राज्यभर संताप उसळला आणि काही दिवसांतच गृहखातं सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. इथे घटनाक्रमात नवं फारसं काही सापडलेलं नव्हतं. क्रियापद बदललं होतं, ‘करावा लागला’पासून ‘व्हायला नको होता’पर्यंत. हे सरकणं टिपायला शिका, ते पुन्हा पुन्हा दिसतं.

सराव सोपा आहे. निवेदनातलं प्रत्येक वाक्य कर्ता घालून लिहून पाहा. ‘दगडफेक झाली’ याचं ‘____ने दगड फेकले’ करा. कर्ता भरता येत नसेल तर नेत्याला तो माहीत नाही किंवा सांगायचा नाही. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. माहीत नसणं हा गुन्हा नाही, म्हणून इथे घाईने निष्कर्ष काढू नका.

पायरी ३: नाम तोलून पाहा

या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण मराठीत हिंसेला नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं वजन निराळं आहे. हलक्यापासून जड असं लावलं तर साधारण असं होतं: प्रकार, घटना, वाद, राडा, आंदोलन, उद्रेक, दंगल, हल्ला, हत्याकांड, दहशतवाद. नेत्याने यातलं कुठलं उचललं आणि शेजारचं का सोडलं, हा प्रश्न विचारायचा.

‘दंगल’ घ्या. दंगल म्हटली की दोन बाजू आल्या, जमाव विरुद्ध जमाव. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्याच्या गावागावांत दलितांवर हल्ले झाले, वस्त्या जळाल्या, माणसं गाव सोडून गेली. आज आपण सर्रास ‘नामांतराची दंगल’ म्हणतो. पण ज्यांची घरं जळाली त्यांच्या हातात त्या रात्री काय होतं? ‘दंगल’ हा शब्द मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच सतरंजीवर बसवतो. माझ्या मथळ्यातल्या ‘दोन गटां’नी नेमकं हेच केलं होतं. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला नाव मिळालं तेही ‘नामांतर’ म्हणून नव्हे, ‘नामविस्तार’ म्हणून: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सोळा वर्षांच्या संघर्षातून वाट काढताना सरकारने एक नाम बदललं. त्या तडजोडीने शांतता टिकायला मदत झाली असं मानणारे आहेत, आणि तो शब्द आजही बोचतो असं सांगणारेही आहेत. मला दोघांचं म्हणणं समजतं.

‘राडा’ आणि ‘खळ्ळखट्याक’ यांची गोष्ट वेगळी. हे शब्द हिंसा करणाऱ्या बाजूनेच अभिमानाने वापरले. ‘शिवसेना स्टाईल आंदोलन’ म्हटलं की काय समजायचं ते मुंबईकराला सांगावं लागत नाही. मनसेच्या काळात काच फुटल्याचा आवाजच नाव होऊन बसला. असे शब्द मारहाणीला खेळकरपणा देतात आणि फटका बसलेल्या माणसाला चित्रातून बाहेर ढकलतात. ‘चोप दिला’, ‘प्रसाद दिला’, ‘धडा शिकवला’ हे सगळे त्याच घरातले. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा एका बाजूला तो मराठी अस्मितेचा मुद्दा होता आणि मुख्यमंत्री फडणवीसांनी भाषेच्या नावावरची गुंडगिरी खपवून घेणार नाही असं म्हटलं. चापटी त्याच, पण ‘आंदोलन’ म्हटलं की कारण पुढे येतं आणि ‘गुंडगिरी’ म्हटलं की कृती. मराठीचा आग्रह मलाही आहे. म्हणूनच, आपल्याला पटणाऱ्या कारणासाठी कुणी हात उचलला की आपल्या तोंडी कोणता शब्द येतो, हे मी आधी स्वतःवर तपासून पाहतो. तुम्हीही पाहा.

मरणाऱ्याचं आणि मारण्याचं नाव हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला मराठीत आजही कुणी ‘गांधीहत्या’ म्हणतं, कुणी ‘गांधींचा खून’, कुणी ‘गांधीवध’. वध कंसाचा, वध अफजलखानाचा. ज्याचा वध होतो तो दुष्ट असतो हे आपल्या कानांना लहानपणापासून माहीत. त्यामुळे राजकीय व्यासपीठावर कुणी जाणूनबुजून ‘वध’ म्हणतो तेव्हा अर्धं भाषण त्या दोन अक्षरांतच झालेलं असतं. मात्र इथे एक सावधगिरी बाळगा. जुन्या पिढीतल्या कितीतरी साध्या माणसांच्या तोंडी ‘गांधीवध’ हा शब्द केवळ कानावर पडत आला म्हणून रुळलेला आहे, आणि ती माणसं गांधींबद्दल आदराने बोलतात. एका शब्दावरून माणसाचा निकाल लावू नका, नेत्याचा सुद्धा. तो शब्द तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, हटकल्यावरही वापरतो का, ते बघा.

‘हुतात्मा’ याच्या उलट दिशेने जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेली माणसं तेव्हाच्या सरकारसाठी कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होती. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या चौकाचं नाव पुढे हुतात्मा चौक झालं. त्याच माणसांना राज्याने नंतर स्वतःच्या स्मारकावर आणलं. जिंकलेल्या चळवळीतली नावं अशी बदलतात, हरलेल्या चळवळीतली बदलत नाहीत. आज ‘दंगेखोर’ किंवा ‘हुतात्मा’ ऐकताना हे मनात असू द्या.

पायरी ४: ‘कारण’ कुठे ठेवलंय ते शोधा

कारण वाक्याच्या सुरुवातीला आलं की पुढची हिंसा उत्तरासारखी वाटते. ‘संतप्त जमावाने’, ‘भावना दुखावल्याने’, ‘उत्स्फूर्त प्रतिक्रिया उमटली’.

याचं भारतातलं सर्वांत ठळक उदाहरण १९ नोव्हेंबर १९८४ चं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं, सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. त्यानंतर बोट क्लबवरच्या सभेत राजीव गांधी म्हणाले की मोठा वृक्ष कोसळतो तेव्हा धरती थोडी हलते. या वाक्यात मारणारा नाही आणि मेलेलाही नाही. झाड आहे, जमीन आहे आणि ‘थोडी’ हे क्रियाविशेषण आहे. माणसांनी ठरवून केलेली गोष्ट निसर्गनियम झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००५ मध्ये राज्यसभेत शरमेने मान खाली घालून माफी मागितली. मधे एकवीस वर्षं गेली होती.

कारणाची जागा फक्त भाषणात ठरत नाही, सरकारी कागदावरही ठरते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या हिंसेत सुमारे ९०० माणसं गेली. चौकशीसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला. १९९६ च्या जानेवारीत युती सरकारने तो गुंडाळला, टीका झाल्यावर त्याच वर्षी पुन्हा सुरू केला, पण आता त्याच्या कार्यकक्षेत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही घातले. वरवर पाहता कार्यकक्षा मोठी झाली. प्रत्यक्षात दंगलीकडे एकटं पाहायचं नाही, स्फोटांच्या शेजारी ठेवून पाहायचं, असं त्यातून सुचवलं जात होतं. म्हणून आयोग जाहीर झाला की त्याच्या नावाआधी त्याची कार्यकक्षा वाचा. ती चारपाच ओळींची असते, आणि बातम्यांत बहुधा पूर्ण येत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे कारण तिसरीकडे नेणं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने ठार केलं. महिनाभराने विदर्भात आणि पुढे राज्यभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची शंका बोलून दाखवली. चर्चेचा विषय चार खुनांवरून आंदोलकांच्या हेतूंवर गेला. आणि खटल्यात? आरोपींना शिक्षा झाली, पण जिल्हा न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. ज्या गोष्टीला सगळा महाराष्ट्र जातीय म्हणत होता, तिला निकालपत्राने तसं म्हटलं नाही. ही दरी ठसठसती आहे, पण ती आहे हे माहीत असलं पाहिजे.

पायरी ५: एकटा माणूस की अख्खी फौज?

ही पायरी चटकन उरकते. आपल्या बाजूच्याने केलं तर तो ‘माथेफिरू’, ‘समाजकंटक’, ‘बाहेरून आलेले लोक’. समोरच्या बाजूच्याने केलं तर ‘संघटित कट’, ‘मास्टरमाइंड’, ‘विचारसरणी’. निवेदनात या दोन रांगांतले शब्द शोधा आणि पुरावा विचारा. खरोखर एकट्याने केलेले हल्ले असतात, खरोखरचे कटही असतात. प्रश्न फक्त एवढाच की पहिल्या दिवशी नेत्याला ते कसं कळलं?

पायरी ६: शब्द पोलीस ठाण्यात घेऊन जा

निवेदन आणि एफआयआर शेजारी ठेवून वाचण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या फिर्यादीत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ हा प्रयोग तुम्ही वाचला असेल. ही बेकायदा जमावाची भाषा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात हे कलम १८९ आणि दंग्याचं कलम १९१. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर कलम १०३ चं दुसरं पोटकलम. दहशतवादी कृत्याची व्याख्या कलम ११३ मध्ये आहे आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्येही. दोन्हींपैकी कशाखाली गुन्हा नोंदवायचा हे पोलीस अधीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी ठरवतो.

म्हणून नेता ‘हा दहशतवादच आहे’ म्हणाला की पहिला प्रश्न: ११३ किंवा यूएपीए लागलं का? लागलं नसेल तर तो शब्द फक्त सभेचा आहे. आणि तो ‘किरकोळ प्रकार’ म्हणाला, पण एफआयआरमध्ये खुनाचा प्रयत्न असेल, तर पोलिसांना जे दिसलं ते निवेदनाने झाकलेलं आहे.

१ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हिंसेत ही गोष्ट लख्ख दिसते. लगेच नोंदलेल्या एका गुन्ह्यात हिंदुत्ववादी नेते संभाजी भिडे आणि मिलिंद एकबोटे यांची नावं होती. आठवडाभराने पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात दुसरा गुन्हा नोंदला गेला, तो आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, शनिवारवाड्यावर झालेल्या डाव्या आणि दलित संघटनांच्या एल्गार परिषदेच्या संदर्भात. दोन एफआयआर म्हणजे एका हिंसेची दोन स्पष्टीकरणं. दुसऱ्यात पुढे यूएपीए लागला, देशभरातून कार्यकर्ते, वकील, लेखक अटकेत गेले, २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेला आणि ‘शहरी नक्षल’ हा शब्द घरोघर पोचला. कोणता शब्द वापरला यावरून बोलणाऱ्याने कोणता एफआयआर खरा मानला, ते कळतं.

‘शहरी नक्षल’ची व्याख्या कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडलं तेव्हा त्याच्या उद्देशांत शहरी नक्षलवादाचा उल्लेख होता. संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मसुद्यात रोख कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटनांवर आला. यातला ‘तत्सम’ हा शब्द पेन्सिलीने गोल करून ठेवा. त्याच्या आत उद्या कोण बसेल हे मसुदा सांगत नाही.

उलट बाजूही आहे. काही वेळा न्यायालयाला जड शब्द वापरावासा वाटतो आणि कायद्यात तो नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ प्रकरणी काँग्रेसचे माजी खासदार सज्जनकुमार यांना जन्मठेप देताना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा उल्लेख केला आणि असे गुन्हे किंवा वंशसंहार आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीत, ही उणीवही नोंदवली. नेता ‘वंशसंहार’ म्हणतो तेव्हा तो नैतिक आरोप असतो. तो खरा असू शकतो, पण त्या नावाचं कलम पोलीस ठाण्यात मिळणार नाही.

पायरी ७: तारखा लावा

एकाच घटनेबद्दल एकाच नेत्याची विधानं तारखेनुसार एकाखाली एक लिहा. या पायरीसाठी मी मुद्दाम परदेशातलं उदाहरण शिकवतो, कारण तिथे आपला पक्ष नसतो आणि डोकं थंड राहतं.

६ जानेवारी २०२१, वॉशिंग्टन. निवडणुकीचा निकाल उलटवू पाहणारा जमाव कॅपिटॉल इमारतीत घुसला. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या हिंसेचा आणि बेबंदशाहीचा धिक्कार केला. जो बायडेन यांनी त्याच दिवशी सांगितलं की त्यांना आंदोलक म्हणू नका, ते देशांतर्गत दहशतवादी आहेत. मे महिन्यात ट्रम्प यांच्या पक्षाचे एक खासदार म्हणाले की चित्रफीत पाहिली तर नेहमीची पर्यटकांची भेट वाटेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ठराव करताना ‘वैध राजकीय संवाद’ असे शब्द वापरले. त्याआधी महिनाभर सिनेटर टेड क्रूझ यांनी ‘हिंसक दहशतवादी हल्ला’ म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी दूरचित्रवाणीवर जाऊन शब्द चुकला म्हणून सांगितलं. ट्रम्प यांच्या भाषणांत तुरुंगातले आरोपी ‘ओलीस’ झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दिवस ‘प्रेमाचा दिवस’ झाला आणि २० जानेवारी २०२५ रोजी सुमारे १,५०० जणांना माफी मिळाली.

दरम्यान न्यायालयांत हल्ल्यात सामील संघटनांच्या काही म्होरक्यांवर राजद्रोही कटाचा गुन्हा सिद्धही झाला होता. म्हणजे पुरावा वाढत गेला आणि शब्द मऊ होत गेले. तारखा लावल्या की हे उघड दिसतं, तारखांशिवाय प्रत्येक विधान सुटं सुटं पटतं. बायडेन यांच्या शब्दालाही तोच नियम लावा: अमेरिकी कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही.

पायरी ८: नावं बदलून मोठ्याने वाचा

निवेदन तसंच ठेवा, फक्त हल्लेखोर आणि पीडित यांची अदलाबदल करा. नेता तरीही हेच बोलला असता का?

जुलै २०२५ ने महाराष्ट्राला हा धडा दहा दिवसांत दिला. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना दोषमुक्त केलं. मुख्यमंत्र्यांनी निकाल धक्कादायक म्हटला आणि सरकार तत्काळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ जुलैला २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले. तेव्हा मुख्यमंत्र्यांनी लिहिलं की दहशतवाद भगवा कधी नव्हता आणि कधी असणार नाही. तिकडे माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण म्हणाले की भगवा म्हणू नका, सनातनी किंवा हिंदुत्ववादी दहशतवाद म्हणा. हा रंगाचा शब्द २०१० मध्ये गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पोलीस महासंचालकांच्या परिषदेत वापरला होता, आणि जानेवारी २०१३ मध्ये जयपूरला तशाच शब्दांत बोलून सुशीलकुमार शिंदे यांना पुढच्या महिन्यात दिलगिरी व्यक्त करावी लागली होती.

सगळा वाद विशेषणाचा झाला. मालेगावात भिकू चौकात मेलेली सहा माणसं कोणी मारली हा प्रश्न त्या गदारोळात मागे ढकलला गेला. दोन्ही निकालांवरची आपल्या नेत्याची वाक्यं घ्या, नावं बदला, मोठ्याने वाचा. जीभ कुठे अडखळते ते तुमचं तुम्हाला कळेल.

मऊ शब्द प्रत्येक वेळी खोटा नसतो

या रीतीने शिकलेली मुलं सुरुवातीला फार संशयी होतात. त्यांना मी १२ मार्च १९९३ ची गोष्ट सांगतो. स्फोटांची ठिकाणं हिंदूबहुल भागांतली दिसत होती, दंगलींना दोन महिनेही झाले नव्हते. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर स्फोटांच्या यादीत मशीद बंदरचं नाव जोडलं, तिथे स्फोट झाला नसताना. त्यांनी पुढे हे स्वतः जाहीरपणे कबूल केलं, शहर पुन्हा पेटू नये म्हणून केलं असं सांगितलं. मी हा प्रसंग पुष्कळदा तोलून पाहिला आहे. त्या रात्री त्या खुर्चीत असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं. तरीही डेस्कवर असतो तर मला ते ठिकाण तपासून पाहावंच लागलं असतं. नेत्याचं काम आग थांबवणं आहे आणि आपलं काम काय घडलं ते सांगणं. दोघांच्या शब्दांत फरक पडला तर त्यात कुणी एक लबाडच असतो असं नाही.

शेवटी स्वतः लिहिताना

पोस्ट असो, बातमी असो, शेजाऱ्याला सांगायचं असो, पायरी १ मधल्या वाक्यापासून निघा. नेत्याचं विशेषण वापरायचंच असेल तर अवतरणात, त्याच्या नावासकट आणि तारखेसकट वापरा. ‘दोन गट’ लिहिण्याआधी दुसऱ्या गटातला एक तरी माणूस शोधा. ‘जमाव’ लिहिलंत तर आकडा किंवा अंदाज कुणाचा ते लिहा. ‘तणावपूर्ण शांतता’ शक्यतो टाळा, कुठली दुकानं उघडली आणि कुठली बंद आहेत ते लिहा. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ या तीन शब्दांची सरमिसळ करू नका, त्यांच्या मधल्या अंतरात माणसांची पंधरा-सतरा वर्षं जातात. शब्द चुकला तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच आकारात करा.

हे शेवटचं मला तेव्हा जमलं नाही. त्या गृहस्थांसमोर मी दुरुस्ती छापायचं कबूल केलं, पण जागा मिळाली ती चौथ्या पानावर, खाली, तीन ओळींची. कात्रण अजून माझ्याजवळ आहे: ‘१४ तारखेच्या अंकात मिरवणुकीवरून दोन गटांत हाणामारी असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात जमावाने वस्तीवर हल्ला केला होता. जखमी झालेले सातही जण वस्तीतील रहिवासी आहेत.’